डिपला न जुमानणारी अंडी

माँटिपोरा कोरल (प्रवाळाचा एक प्रकार) खाणाऱ्या पांढऱ्या, जेमतेम काही मिलिमीटरच्या समुद्री गोगलगायी डिपमध्ये, म्हणजे कोरलवरची कीड मारणाऱ्या औषधी द्रावणात, मरतात. त्यांची अंडी मरत नाहीत. म्हणून कोरलचा नवा तुकडा खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये सोडण्याआधी:

१. सोबत आलेला प्लग (तुकडा ज्यावर चिकटवलेला असतो ती छोटी बैठक) तोडून फेकून द्या. अंडी बहुधा तिथे किंवा कोरलच्या खालच्या बाजूला असतात.

२. टँकच्याच पाण्यात, बाटलीवरच्या प्रमाणात कोरल डिप मिसळा. तुकडा बुडवून पिपेटने त्यावर जोरात पाणी मारा.

३. खालची बाजू जुन्या टूथब्रशने घासा.

४. खाऱ्या पाण्यात विसळून वेगळ्या टँकमध्ये ठेवा. महिनाभर दर आठवड्याला पुन्हा डिप. कंटाळवाणं आहे, पण अंड्यांतून निघालेली पिल्लं यातच सापडतात.

डिपचं पाणी मुख्य टँकमध्ये चुकूनही ओतू नका.