कुठलं कलम ३६? देशांमधल्या वादांचा कायदा लिहिताना या चुका टाळा

सराव पेपर मी लोकलमध्ये तपासतो. बोरिवलीहून चर्चगेटची स्लो पकडली आणि खिडकी मिळाली तर पाच पेपर होतात. इतकी वर्षं हे चाललंय की आता अंधेरी यायच्या आत कळतं, पुढच्या पानावर कुठली चूक येणार. लॉची मुलं, यूपीएससीची मुलं, मूट कोर्टवाली (म्हणजे सरावाचे लुटुपुटीचे खटले लढवणारी) मुलं, सगळ्यांच्या चुका त्याच. वर्गात बोलून घसा बसला, म्हणून आता लिहून टाकतोय.

पहिली चूक माझी खास 'लाडकी'. उत्तराच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं: "अशा परिस्थितीत अमुक देशाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागावी." जणू हेगचं न्यायालय म्हणजे नाक्यावरची पोलीस चौकी, गेलं आणि तक्रार नोंदवली! अरे, त्या १५ न्यायाधीशांसमोर कुठल्याही देशाला त्याच्या मर्जीविरुद्ध उभं करता येत नाही. देशाची संमती लागते. ती वाद झाल्यावर दोघांनी करार करून दिलेली असेल, आधीच्या एखाद्या तहातल्या कलमातून आलेली असेल, किंवा न्यायालयाचा अधिकार मान्य केल्याच्या घोषणापत्रातून. यातलं काहीच नसेल तर तुमची बाजू कितीही न्यायाची असो, दार बंद. म्हणून पहिला प्रश्न 'कोण बरोबर' हा नसतोच. पहिला प्रश्न: सही कुठल्या कागदावर आहे?

हे मला कसं कळलं ते सांगतो, कारण त्यात माझीच लाज गेली होती.

काही वर्षांपूर्वी एका मूट स्पर्धेसाठी मी तीन मुलांना तयार करत होतो. प्रश्न दोन काल्पनिक देशांचा: एकाने दुसऱ्याचा नागरिक पकडला आणि त्याला वकिलातीशी संपर्क करू दिला नाही. मुलांनी परळच्या एका खोलीत दोन रात्री जागून चाळीस पानांचं मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, तयार केलं. पहिली बोलणारी मुलगी दिवसा सॉलिसिटरच्या ऑफिसात काम करणारी, तयारीची. उभी राहिली आणि थेट मानवी प्रतिष्ठेवर सुरू झाली. मिनिटभरात बेंचवरच्या बाईंनी हात वर केला.

"आम्हाला हा खटला ऐकायचा अधिकार कुठून?"

"कलम ३६ नुसार, मॅडम."

"कुठलं कलम ३६?"

सभागृहात फक्त एसीचा आवाज. कारण या एका प्रश्नात तीन कलम ३६ आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम ३६ सुरक्षा परिषदेने वाद सोडवण्याचा मार्ग सुचवण्याबद्दल आहे. न्यायालयाच्या स्टॅट्यूटमधलं, म्हणजे न्यायालयाच्या स्वतःच्या नियमावलीतलं, कलम ३६ न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबद्दल आहे. आणि १९६३ च्या व्हिएन्ना वाणिज्यदूत करारातलं कलम ३६ अटकेतल्या परदेशी नागरिकाला त्याच्या वकिलातीशी बोलू देण्याबद्दल. पोरीने घाईत पानं उलटली आणि सनदेतलं वाचून दाखवलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला सुरक्षा परिषदेने पाठवलंय?" मागे कोणीतरी हसलं. मी शेवटच्या रांगेत होतो आणि मला खुर्चीखाली जावंसं वाटत होतं, कारण मी दिलेल्या नोट्समध्ये सगळीकडे नुसतं 'क. ३६' लिहिलेलं होतं. चूक तिची नव्हतीच.

तेव्हापासून माझ्या झेरॉक्सवर रंगीत चिकटपट्ट्या असतात. सनद निळी, स्टॅट्यूट पिवळा, बाकीचे तह हिरवे. नुसता आकडा लिहिलेलं कलम मी वाचतच नाही, सरळ रेघ मारतो. मुलं कुरकुरतात. कुरकुरू देत.

पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपाखाली फाशी सुनावलेल्या आणि वकिलातीशी बोलू न दिलेल्या कुलभूषण जाधव यांचा खटला याच कारणासाठी नीट वाचावा. भारताने ८ मे २०१७ ला अर्ज केला तेव्हा हेरगिरी, दहशतवाद, द्विपक्षीय कडूपणा यातलं काहीही पायाला घेतलं नाही. पाया एकच: वाणिज्यदूत कराराला जोडलेला ऐच्छिक प्रोटोकॉल. त्या कराराबद्दलचे वाद या न्यायालयात नेता येतील असं सांगणारा हा जोड-करार, आणि त्याने दोन्ही देश बांधलेले होते. दार छोटं, पण उघडं. १७ जुलै २०१९ च्या निकालात पाकिस्तानने करार मोडल्याचं १५ विरुद्ध १ असं ठरलं. आणि आता ती दुसरी चूक, जी या पहिलीच्या पोटातूनच जन्मते: "न्यायालयाने जाधव यांच्या सुटकेचा आदेश दिला." नाही दिला. शिक्षा रद्द करा, सोडून द्या, या भारताच्या मागण्या मान्य झाल्या नाहीत. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी थांबवा, एवढंच. दार जेवढं उघडं होतं तेवढंच आत जाता आलं. हे ज्याला कळलं त्याला अर्धा विषय कळला.

उलट उदाहरणही हाताशी ठेवा. १० ऑगस्ट १९९९ ला भारताने पाकिस्तानच्या नौदलाचं 'अटलांटिक' विमान पाडलं, पाकिस्तान हेगला गेला, आणि २१ जून २००० ला न्यायालयाने १४ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की आम्हाला अधिकारच नाही. भारताने १९७४ च्या घोषणापत्रात राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद वगळून ठेवले होते. विमान कुणाच्या हद्दीत होतं, याची चर्चा न्यायालयात झालीच नाही.

आणि जुनं, आपल्या मातीतलं उदाहरण. दादरा नगर हवेली १९५४ मध्ये पोर्तुगिजांपासून मुक्त झाली. त्या मोहिमेत सुधीर फडके होते हे मराठी माणसाला ठाऊक असतं. पुढचं नसतं. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांत आला, १९ ला न्यायालयाचा अधिकार मान्य करणारं घोषणापत्र दिलं आणि २२ ला भारतावर खटला! आठवड्याभरात. खटल्यात भारताकडून खास न्यायाधीश म्हणून बसले मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. १९६० चा निकाल असा: १९५४ मध्ये पोर्तुगालला भारताच्या हद्दीतून तिथे खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांची ने-आण करण्याचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं यांच्यासाठी नव्हता, आणि भारताने आपलं कुठलंही बंधन मोडलं नाही. हा निकाल 'भारत हरला' म्हणूनही सांगितला जातो आणि 'भारत निर्दोष सुटला' म्हणूनही. दोन्ही प्रकारच्या पेपरांवर माझा एकच शेरा असतो: मूळ वाचा.

आता कलम ५१. सनदेतलं, निळ्या पट्टीचं.

"कलम ५१ नुसार प्रत्येक राष्ट्राला सडेतोड उत्तर देण्याचा अधिकार आहे." सडेतोड उत्तर हा वर्तमानपत्राचा मथळा आहे, कायद्याची संज्ञा नाही. मुंबईची मुलं २६/११ वर लिहितात तेव्हा हे हमखास येतं. राग मला कळतो. पण परीक्षक रागाला गुण देत नाही.

मूळ नियम कलम २ च्या चौथ्या उपकलमात आहे: बळाचा वापर तर नाहीच, त्याची धमकीसुद्धा नाही. ५१ हा त्याला अपवाद, आणि अपवाद अरुंदच असतो. सशस्त्र हल्ला झालेला हवा. केलेली कारवाई सुरक्षा परिषदेला लगेच कळवायला हवी. परिषद शांततेसाठी आवश्यक ती पावलं उचलेपर्यंतच हा हक्क चालतो. कारवाई आवश्यक आणि प्रमाणशीर हवी, हे ५१ च्या मजकुरात शोधू नका, सापडणार नाही. ते रूढ कायद्यातून, म्हणजे देशांच्या वर्षानुवर्षांच्या वागण्यातून बनलेल्या कायद्यातून येतं, आणि त्याची चर्चा १८३७ मध्ये ब्रिटिशांनी अमेरिकेच्या हद्दीत जाळलेल्या कॅरोलाइन बोटीपासून सुरू करतात. निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध नेलेल्या खटल्यात १९८६ ला न्यायालयाने आणखी एक गाळणी लावली: बळाचा प्रत्येक बेकायदा वापर म्हणजे 'सशस्त्र हल्ला' नव्हे. बंडखोरांना शस्त्रं आणि पैसा पुरवणं बेकायदा ठरू शकतं, पण तेवढ्यावर ५१ चं दार उघडत नाही.

आणि सूड? १९७० च्या मैत्रीपूर्ण संबंधांच्या जाहीरनाम्यात सशस्त्र प्रतिशोध टाळणं हे कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिलंय. म्हणजे हल्ला थोपवण्यासाठी केलेली कारवाई एक, धडा शिकवण्यासाठी केलेली दुसरी. मुलं विचारतात, "सर, दहशतवादी तर देश नाही, मग?" चांगला प्रश्न. ११ सप्टेंबर २००१ नंतर सुरक्षा परिषदेच्या १३६८ आणि १३७३ या ठरावांनी स्वसंरक्षणाचा हक्क उद्धृत केला, त्यावरून एक मत असं की देश नसलेल्या गटांविरुद्धही ५१ चालतं. दुसरं मत म्हणतं, एखाद्या देशाचा हात सिद्ध झाल्याशिवाय नाही. दोन्ही मतं लिहा, मग आपलं लिहा. एकच मत छातीठोक लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण कधीच देत नाही, ते माझ्या मताशी जुळत असलं तरी.

२६/११ वरच लिहायचं तर त्यानंतर प्रत्यक्ष काय झालं ते लिहा ना! डिसेंबर २००८ मध्ये सुरक्षा परिषदेच्या १२६७ क्रमांकाच्या ठरावाखालच्या निर्बंध समितीने हाफिज सईदचं नाव यादीत घातलं. मालमत्ता गोठवणं, प्रवासबंदी, शस्त्रबंदी. हाही आंतरराष्ट्रीय सुरक्षेचाच कायदा आहे. फक्त त्याला पार्श्वसंगीत नाही, म्हणून उत्तरात येत नाही.

पुढची चूक: सनदेचं सहावं प्रकरण (वाद शांततेने सोडवण्याचं) आणि सातवं (सक्तीच्या कारवाईचं) एक समजणं. भारत १ जानेवारी १९४८ ला काश्मीरप्रकरणी कलम ३५ खाली परिषदेकडे गेला, तो सहाव्या प्रकरणाचा रस्ता. २१ एप्रिल १९४८ चा ४७ क्रमांकाचा ठराव त्याच रस्त्यावरचा, म्हणजे शिफारशींचा. त्याला सातव्या प्रकरणातल्या निर्बंधांसारखा आदेश म्हणून लिहिलं की पुढचं सगळं उत्तर वाकडं जातं.

आणखी एक चूक: वाटाघाटी, सदिच्छा प्रयत्न, मध्यस्थी, सलोखा हे वाद सोडवण्याचे चार मार्ग एकाच दमात म्हणून टाकणं. माझ्या सोसायटीत तिसऱ्या मजल्याच्या बाथरूममधून दुसऱ्या मजल्यावर गळती होते, त्यावरूनच शिकवतो. दोघे जिन्यात आपसात बोलले, ती वाटाघाट. सेक्रेटरीने दोघांना ऑफिसात बसवून चहा मागवला आणि स्वतः बाहेर गेला, ते सदिच्छा प्रयत्न. तोच आत थांबून "अर्धा-अर्धा खर्च करा" म्हणाला, ती मध्यस्थी. कमिटीने प्लंबर आणून पाहणी करून लेखी सूचना दिल्या, त्या पाळायची सक्ती नाही, तो सलोखा. आणि दोघांनी आधीच लिहून दिलं की हा माणूस सांगेल ते अंतिम, तर लवाद. (गळती अजून चालू आहे.)

लवादाला दुय्यम समजणाऱ्यांसाठी दोनच आकडे. कच्छच्या रणाचा १९ फेब्रुवारी १९६८ चा निवाडा: वादातल्या भागापैकी सुमारे १० टक्के पाकिस्तानला, बाकी भारताला. बंगालच्या उपसागराचा ७ जुलै २०१४ चा निवाडा: वादातल्या २५,६०२ चौ. किमीपैकी १९,४६७ बांगलादेशला. भारताने दोन्ही मानले. "सर, एवढं हरून का मानलं?" असं एकाने विचारलं होतं. मी त्याला विचारलं, पुढच्या वेळी दुसऱ्याने मानावं असं वाटत असेल तर काय करशील? तो विद्याविहारला उतरेपर्यंत गप्प होता.

बाकीच्या चुका पटापट. आंतरराष्ट्रीय न्यायालय आणि आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायालय, दोन्ही हेगला. पहिल्यात देश उभे राहतात, दुसऱ्यात माणसं, आणि दुसऱ्याचा भारत सदस्य नाही. सुरक्षा परिषदेचा कायम सदस्य मतदानात तटस्थ राहिला म्हणजे नकाराधिकार वापरला असं नव्हे. सहाव्या प्रकरणाखालच्या ठरावावर वादातल्या पक्षाने मतदान करू नये, असं कलम २७ सांगतं. हे लिहिणारा विद्यार्थी मला आजवर दोनदा भेटला. न्यायालयाने दिलेलं सल्लागार मत हा निकाल नाही. न्यायालयाचा निकाल फक्त त्या पक्षांना, त्या खटल्यापुरता बांधतो. महासभेचे ठराव सहसा शिफारसच. आणि कृपा करून 'यूएनने सैन्य पाठवावे' असं लिहू नका. यूएनचं स्वतःचं सैन्य नाही.

शेवटी, मुलांच्या मोबाइलवर या विषयाच्या नोट्सचं एक एकपानी पीडीएफ फिरतं. ते मीही पाहिलंय. त्यात सनदेच्या कलम ३३ मधले वाद सोडवायचे मार्ग सहाच दिलेत, चौकशी आणि प्रादेशिक संस्था गायब. सनदेत १११ कलमं आहेत, स्टॅट्यूटमध्ये ७०. विरारहून चर्चगेटला जाऊन परत येईपर्यंत दोन्ही एकदा वाचून होतात. मी गर्दीच्या वेळी उभ्याने केलंय. ज्यांना तेवढा वेळ नाही, ते माझ्याकडे परीक्षेच्या आदल्या रात्री फोन करतात, "सर, इम्पॉर्टंट काय?" मी फोन उचलत नाही.

परळच्या त्या मुलीचा मात्र उचलतो. ती आता वकिली करते, लवादाचीच कामं. परवा तिने एका कराराचा फोटो पाठवला, अधिकारक्षेत्राच्या कलमाखाली पिवळी चिकटपट्टी. खाली लिहिलं होतं: "सर, यातही ३६ च आहे. यावेळी कुठलं ते लिहून ठेवलंय."