नवख्या खेळाडूला आधी प्रसंग द्या, मग नियम

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ पासून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळाच्या (यात खेळाडू एकेक पात्र होऊन गोष्टीत काय करायचे ते ठरवतात) पाचव्या आवृत्तीची मूळ पुस्तके तीन असून प्रत्येक तीनशेहून अधिक पानांचे आहे. ते सगळे पहिल्याच संध्याकाळी समजावायला बसल्यास दिवसभर कापूस वेचून आलेला मित्र जांभया देऊ लागतो, हे मी आमच्या ओसरीवर पाहिले आहे. त्याऐवजी त्याला ओळखीच्या प्रसंगात उभे करावे: हरभऱ्याच्या वावरात रात्रीची जागल आहे, धुऱ्यापलीकडे काहीतरी खसफसते आहे, तू काय करशील? “टॉर्च न लावता मचाणीवरून उतरतो,” असे तो म्हणाला, की मग एकच नियम सांगावा. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा आणि बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त आली, की काम फत्ते. ठरलेला आकडा १२ आणि कौशल्य ३ असेल, तर फाशावर ९ किंवा अधिक पडावे लागतात, म्हणजे यशाची शक्यता ६० टक्के.

आमच्या तालुक्याच्या बाजारात असा फासा मिळत नाही. तेव्हा १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या गडव्यात टाकाव्यात आणि काढलेली चिठ्ठी दर वेळी परत टाकावी, नाहीतर शक्यता बदलत जाते. लुडोचे दोन फासे येथे उपयोगाचे नाहीत, कारण त्यांची बेरीज सातच्या आसपासच अधिक वेळा पडते.

मंत्र आणि लढाईतील पाळी यांचे नियम गरज पडेल तेव्हाच काढावेत. पात्राचा तक्ता, म्हणजे त्याच्या कौशल्यांचे आकडे लिहिलेला कागद, पहिल्या खेळापुरता तुम्हीच भरून ठेवावा. नाव तेवढे त्याला ठेवू द्यावे.