एक्सेलमध्ये ऑसिलेटिंग रिअॅक्शन चालवून बघा

बेलुसोव्ह-झाबोटिन्स्की या ऑसिलेटिंग, म्हणजे मागेपुढे होत राहणाऱ्या, रिअॅक्शनचा लाल-निळा-लाल रंग बदलतानाचा व्हिडिओ बऱ्याच जणांनी बघितला असेल, पण हे असं मागेपुढे का होतं ते समजून घ्यायला ब्रोमेट आणि अॅसिड लागत नाही, एक्सेल किंवा गुगल शीट पुरतं.

आपण ब्रसेलेटर घेऊ, प्रिगोजिन आणि लेफेव्हर यांनी १९६८ मध्ये मांडलेलं मॉडेल. यात बदलणारे पदार्थ दोनच, क्ष आणि य. बाहेरून कच्चा माल सतत येतो त्यातून क्ष बनतो, क्षचा काही भाग य होतो, थोडा निघून जातो, आणि मेन गोष्ट म्हणजे क्षचे दोन रेणू यच्या एका रेणूला भेटले की त्याचाही क्ष करून टाकतात, म्हणजे क्ष जितका जास्त तितका तो अजून जोरात वाढतो. यालाच ऑटोकॅटॅलिसिस म्हणतात.

तीन कॉलम करा, वेळ, क्ष, य. पहिल्या ओळीत ०, १, १ टाका. पुढच्या ओळीत वेळ ०.०१ ने वाढवा आणि हे दोन फॉर्म्युले लिहा, उजवीकडे सगळीकडे वरच्या ओळीतलेच आकडे घ्यायचे:

नवा क्ष = क्ष + ०.०१ × (१ + क्ष×क्ष×य − ४×क्ष)
नवा य = य + ०.०१ × (३×क्ष − क्ष×क्ष×य)

उत्तर ०.९८ आणि १.०२ आलं तर बरोबर. आता ३००० ओळी खाली ड्रॅग करा आणि लाइन चार्ट काढा. क्ष बराच वेळ तळाशी पडून राहतो, तोवर य हळूहळू साठत जातो, मग क्ष एकदम उसळतो, य खाऊन टाकतो आणि परत खाली येतो, साधारण सात युनिटांनी पुन्हा तेच. ०.०१ ची स्टेप मोठी करू नका, आकडे भरकटतात.

सुरुवात १ आणि ३ ने केलीत तर सरळ रेघ येईल, घाबरू नका, तिथे क्ष आणि य जेवढे बनतात तेवढेच संपतात, पण तो बिंदू टिकाऊ नाही, १.१ आणि ३ टाका की लाटा चालू. आता ४ च्या जागी २.५ आणि ३ च्या जागी १.५ टाका. लाटा विरून जातात. हे नक्की करून बघा, कारण नुसता फीडबॅक (क्षने क्ष वाढवणं) पुरत नाही, क्षचा य करणाऱ्या कच्च्या मालाचा पुरवठाही (इथला ३ हा आकडा) एका मर्यादेच्या वर लागतो हे इथेच कळतं. आणि कच्चा माल सतत येत राहून सगळं समतोलापासून लांब असल्यामुळेच हे चालतं, थर्मोडायनॅमिक्सचा कुठलाही नियम मोडत नाही. बेलुसोव्हचा त्याच्या रिअॅक्शनवरचा पेपर १९५० च्या दशकात जर्नलवाल्यांनी हे अशक्य आहे म्हणून परत पाठवला होता, वाईट वाटतं वाचून.

पेशीतही असंच चालतं. यीस्टच्या ग्लायकोलिसिसमध्ये (साखर फोडून ऊर्जा मिळवण्याच्या प्रक्रियेत) फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे एन्झाइम स्वतःच बनवलेल्या एडीपीमुळे (एटीपी हा ऊर्जेचा रेणू वापरल्यावर उरतो तो) अजून जोरात चालतं, त्यामुळे याच प्रक्रियेत बनणाऱ्या एनएडीएच या रेणूची पातळी वरखाली होत राहते. सायनोबॅक्टेरियाची (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंची) KaiA, KaiB आणि KaiC ही तीन प्रोटीन्स तर नुसत्या एटीपीबरोबर टेस्ट ट्यूबमध्ये टाकली तरी साधारण २४ तासांचा ठेका धरतात, हे २००५ मध्ये जपानमध्ये दाखवलं गेलं.

हे जमलं की शेजारी अजून एक क्ष-य जोडी वेगळ्या आकड्यांनी सुरू करा आणि प्रत्येक फॉर्म्युल्याच्या कंसात ०.२ × (शेजारचा − आपला) एवढं जोडा, क्षला क्ष आणि यला य. थोड्या वेळाने दोन्ही ग्राफ एकावर एक बसायला लागतात. यीस्टच्या पेशी हेच अॅसिटाल्डिहाइडची देवाणघेवाण करून साधतात.