चक्कर येते तेव्हा साखर तपासावी का, आणि कशी

अहिराणी बोलणारा माणूस ‘माले चक्कर ई ऱ्हायनी’ म्हणतो, तेव्हा त्याला तीन वेगवेगळ्या गोष्टींपैकी कोणतीही एक होत असू शकते: भोवतालची खोली फिरते, उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येते, किंवा हातपाय गळून दरदरून घाम सुटतो. मधुमेहाचा या तिन्हींशी सारखा संबंध नाही. म्हणून ‘साखरच असेल’ असे ठरवण्याआधी चक्कर कधी आली, त्याआधी काय खाल्ले, कोणती गोळी घेतली आणि त्या वेळी आपण आडवे, बसलेले की उभे होतो, हे चार-पाच दिवस वहीत लिहून ठेवावे.

अंथरुणात कूस बदलताच घर गरगर फिरत असेल आणि ते मिनिटभरात थांबत असेल, तर दोष बहुधा आतल्या कानाचा असतो. तो कान-नाक-घसा तज्ज्ञ डोके ठरावीक रीतीने वळवून बहुतेक वेळा दूर करतात.

उठल्यावर येणारी अंधारी मात्र नीट पाहायला हवी. पाच मिनिटे आडवे पडून रक्तदाब मोजावा, मग उभे राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर कारण तेथे आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा शरीरातले पाणी कमी होऊन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही असे होते. जुन्या मधुमेहात नसा दुबळ्या झाल्यानेही होते.

मग ऊन आणि साखर यांत फरक कसा करावा? आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवसांत कोणालाही तहान लागते, त्यामुळे नुसत्या तहानेवरून काहीच कळत नाही, लघवी पाहावी. उन्हाने पाणी कमी झालेल्या माणसाला लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली, की मूत्रपिंडे ती लघवीवाटे टाकू लागतात आणि साखर आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते, त्यामुळे तांब्यावर तांबे पाणी पिऊनही तहान भागत नाही, रात्री तीन-चारदा उठावे लागते आणि लघवी भरपूर होते. शिवाय वजन उतरत असेल किंवा नजर धूसर होत असेल, तर तपासणी पुढे ढकलू नये.

घाम, थरथर आणि पोटात खड्डा पडल्यासारखी भूक यांसह येणारी चक्कर साखर उतरल्याची असू शकते, पण ती प्रामुख्याने इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेणाऱ्यांना येते. नवरात्रात उपास धरून गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेणारे आपल्या घरोघरी आहेत! अशा वेळी साखर 70 च्या खाली असेल, किंवा मोजायला यंत्रच नसेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये.

घरचे ग्लुकोमीटर वापरण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. आमच्या एका यावलकर मावशींनी केळे सोलून खाल्ले आणि त्याच बोटाला सुई टोचली. आकडा 240 आला आणि घरात रडारड सुरू झाली. हात धुऊन दुसऱ्या बोटातून घेतलेला आकडा 130 निघाला. यंत्राने दिशा कळते, निदान मात्र प्रयोगशाळेतल्या रक्ताने करावे: आठ तास उपाशीपोटी 126 किंवा जास्त, 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी 200 किंवा जास्त, अथवा एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 6.5 टक्के किंवा जास्त. ठळक लक्षणे नसतील, तर दुसरी तपासणीही तेच सांगते का, हे पाहावे लागते.

नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यातील वाचकांनी येथे थांबावे. तेथील आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि त्या आजारात तांबड्या पेशी लवकर मरत असल्याने एचबीए1सी खोटाच कमी येऊ शकतो. लोहाच्या कमतरतेत तो उलट वाढलेला दिसू शकतो. म्हणून घरात सिकलसेल असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल, तर तसे डॉक्टरांना सांगून उपाशीपोटीच्या आणि ग्लुकोजनंतरच्या साखरेवर भर द्यावा. रक्त कमी असणे हे स्वतःच चक्करीचे मोठे कारण आहे, हेही ध्यानात असावे.

चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे किंवा उलट्यांसह श्वास खोल व जलद होणे, यांपैकी काही दिसल्यास वही बाजूला ठेवून 108 ला फोन करावा.

एक सवय मात्र सोडावी: ‘अशक्तपणा आहे, सलाईन लावा’ असा आग्रह धरण्याची. काही बाटल्यांत ग्लुकोज असते, आणि साखर आधीच वाढलेली असेल तर ती आणखी चढते. म्हणून सुई टोचण्यापूर्वी ‘आधी साखर मोजा’ असे निःसंकोच म्हणावे आणि आकडा वहीत लिहून घ्यावा.