डेटा अॅनालिटिक्सचा पहिला आठवडा, आणि तोही बंधाऱ्याच्या पाण्यावर

दर चार दिवसांनी कोण ना कोण विचारतंच, डेटा अॅनालिटिक्स, म्हणजे आकड्यांतनं अर्थ काढायचं काम, शिकायचंय, कुठला क्लास लावू, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आधी का पॉवर बीआय हे चार्टचं सॉफ्टवेअर आधी. अहो थांबा की जरा. आधी एक आठवडा रोज दोन तास काढा, एकच डेटा घ्या आणि त्याचाच पिच्छा पुरवा. नेटवरनं उतरवलेला कुठल्यातरी परदेशी दुकानाचा सेल्स डेटा नको, त्यात आकडा गंडला तरी आपल्याला पत्ता लागत नाही. कोल्हापुरात आहात तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी घ्या. पावसाळ्यात रोज पेपरात येते, व्हॉट्सॲपवर फिरते, आणि ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं.

सोमवारी फक्त टायपिंग. जुलै-ऑगस्टचे जेवढे आकडे घरातल्या रद्दीत सापडतील तेवढे एक्सेलमध्ये हातानं टाका, कंटाळा येईल, येऊ द्या. फूट वेगळ्या कॉलममध्ये आणि इंच वेगळ्या, हे मात्र पाळा. मी पहिल्यांदा शहाणपणा करून एकच कॉलम केलेला आणि ३९ फूट १० इंच म्हणजे ३९.१० असं ठोकत सुटलो. एक्सेलनं शेवटचं शून्य खाल्लं आणि झालं ३९.१, म्हणजे १० इंच आणि १ इंच एकच, वर ३९.९ हे ३९.१० पेक्षा मोठं! सॉर्ट केलं तर चढतं पाणी कागदावर उतरायला लागलं. इंचाला १२ ने भागायचं आणि फुटात मिळवायचं, ३९ फूट १० इंच म्हणजे ३९.८३, एवढंच होतं ते.

मंगळवार आणि बुधवार साफसफाईला द्या, दोन्ही दिवस पूर्ण, कारण नोकरीतही बराच वेळ ह्यातच जातो आणि हे क्लासवाले जाहिरातीत सांगत नाहीत. सगळ्यात आधी तारखा बघा. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन पद्धतीची असेल तर तुम्ही ५/७ टाकलेलं ५ जुलै त्याला ७ मे वाटतं, आणि १३ तारखेपासून पुढं त्याला महिनाच सापडत नाही म्हणून तो ती तारीख नुसता मजकूर समजून सेलच्या डाव्या बाजूला चिकटवतो. अर्ध्या तारखा डावीकडं, अर्ध्या उजवीकडं दिसल्या की समजायचं घोळ झालाय, आणि उजवीकडच्या बरोबर आहेत असंही समजू नका, त्याच उलट्या झालेल्या असतात. मग एका दिवसाची दोन-तीन रिडिंग असतील तर सकाळचं धरायचं का सगळ्यात जास्त, हे एकदा ठरवा आणि शीटवरच लिहून ठेवा. जिथं आकडा नाही ती जागा रिकामी ठेवा, शून्य टाकू नका, नाहीतर ऐन पावसाळ्यात पंचगंगा आटेल.

गुरुवारी पिव्होट टेबल, म्हणजे एक्सेलमध्ये आकड्यांचे गट पाडून बेरीज, सरासरी दाखवणारा तक्ता. कॉलमचं नाव ओढायचं आणि सोडायचं, अर्ध्या तासात हात बसतो. पण सरासरीच्या नादाला जपून लागा. महिन्याची सरासरी पातळी घेऊन पुराचं काहीच कळत नाही, तिथं मॅक्स, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा, बघायचा. आणि टक्क्यांची सरासरी तर काढूच नका, हे मी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ट्रेनी असताना सगळ्यांसमोर शिकलो. एका शिफ्टला २०० कास्टिंगात, म्हणजे ओतीव भागांत, १० रिजेक्ट, ५ टक्के. दुसऱ्या शिफ्टला ५० मध्ये १०, २० टक्के. मी सरासरी काढून साडेबारा टक्के रिजेक्शन लिहून दिलं. सुपरवायझर कॅल्क्युलेटर न घेता म्हणाले, २५० मध्ये २० गेले म्हणजे ८ टक्के की रे, साडेबारा कुठनं आणलंस?

शुक्रवारी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधनं हवा तो डेटा मागायची भाषा. एसक्यूलाइट हा डेटाबेस फुकट आहे, तोच घ्या. सिलेक्ट (कॉलम निवडणं), व्हेअर (ओळी गाळणं), ग्रुप बाय (गट पाडणं) एवढं एका संध्याकाळी येतं. व्हेअर गट पाडायच्या आधी ओळी गाळतं, हॅविंग पाडल्यानंतर गट गाळतं. जॉईन, म्हणजे दोन टेबलं तारखेवरनं जोडणं, शिकायला दुसरं टेबल राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले त्याचं करा, दरवाजे सात आहेत आणि रोज काही उघडत नाहीत. साधा इनर जॉईन लावला की ज्या दिवसाची दरवाज्यांची नोंदच नाही तो दिवस रिझल्टमधनं गायब, लेफ्ट जॉईन लावला की बंधाऱ्याचे सगळे दिवस राहतात. हे एकदा डोळ्यानं बघितलं की मुलाखतीसाठी पाठ करावं लागत नाही.

शनिवारी एकच लाईन चार्ट, ३९ आणि ४३ वर दोन आडव्या रेषा, बास. थ्रीडी, पाय चार्ट, सात रंग काही नको. आणि तो डेटातलं काही न कळणाऱ्या माणसाला दाखवा. मी आमच्या नदीकाठच्या चिखली गावातल्या मावशीला दाखवला. मध्ये तीन दिवस रिकामे होते तिथं मी आदल्या दिवशीचा आकडाच पुढं ओढला होता, रेघ तुटलेली बरी दिसत नाही म्हणून. मावशी म्हणाली, "हे सपाट काय रे? त्याच तीन दिवसांत आम्ही जनावरं सोडवून बाहेर पडलो." रस्ता बंद, पेपर आलाच नव्हता, म्हणून आकडा नव्हता. म्हणजे पाणी सगळ्यात जास्त होतं नेमकी तेव्हाच माझी शीट कोरी. ओढलेले तिन्ही आकडे पुसले, रेघ तुटलेलीच ठेवली आणि खाली लिहिलं, पेपर आला नाही, पाणी याहून वर.