एम-७८ चा निळा मेघ उमटत नाही? या चुका टाळा

मृग नक्षत्रातला एम-७८ हा तेजोमेघ डिसेंबरच्या मध्यात जळगाव-धुळ्याकडे रात्री साडेबारा-पाऊणला ६९ अंशांपर्यंत चढतो. एवढा वर येऊनही फोटोत राखाडी डागच दिसत असेल, तर दुर्बिणीला दोष देण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

सगळ्यात महागडी चूक फिल्टरची. ड्युअल-बँड फिल्टर हायड्रोजन-ऑक्सिजनच्या प्रकाशातले ठरावीक रंगच आत सोडतो. हा मेघ मात्र मुख्यतः धुळीवरून परतलेला ताऱ्यांचा उजेड आहे. १९१२ साली अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ व्हेस्टो स्लायफरने कृत्तिकेतल्या अशाच मेघाचा वर्णपट घेतला, तो शेजारच्या ताऱ्यासारखाच निघाला. म्हणजे प्रकाश सगळ्या रंगांचा, आणि फिल्टर त्यातला बराचसा गिळतो. काढून ठेवा. डीएसएलआरमध्ये फेरफार करायचीही गरज नाही, साधा चालतो.

फिल्टर नाही म्हटल्यावर अंधार आणि वेळ, दोनच आधार उरतात. अमावस्येच्या मागच्या-पुढच्या ५ रात्री धरा. शेजारच्या शेतात पऱ्हाटी जळत असेल त्या रात्री कॅमेरा काढूच नका. ८० मिमी एफ/६ दुर्बीण, आयएसओ ८००, ऑटोगायडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बिणीची दिशा आपोआप सुधारणारी सोय) असेल तर ३ मिनिटांच्या ८० फ्रेम, म्हणजे ४ तास. गावाबाहेरही याहून कमी नको. फोटोतला गोंगाट (दाणेदारपणा) निम्मा करायचा तर वेळ चौपट लागतो.

दव फसवतं ते वेगळ्याच तऱ्हेने. केळीच्या बागेला किंवा गव्हाला पाणी दिलेलं असलं की मध्यरात्रीनंतर भिंगावर धूसर थर बसतो, ताऱ्यांभोवती तेज पसरतं आणि माणूस खुश होतो, की मेघ आला! ओळखायची खूण अशी: फ्रेममधल्या प्रत्येक ठळक ताऱ्याला सारखंच गोल वलय असेल, तर ते दव. खरा मेघ एका बाजूला जास्त, वेडावाकडा. १२ व्होल्टचा हीटर-पट्टा संध्याकाळीच बांधा, दव बसल्यावर नव्हे. दुर्बीण शेतापेक्षा घराच्या धाब्यावर बरी. गारवा वाढत जातो तसा फोकसही सरकतो, तासाभराने बाहटिनोव्ह मास्क (फोकस तपासायची खाचांची जाळी) दुर्बिणीच्या तोंडावर लावून पाहा.

फ्लॅट फ्रेम, म्हणजे धुळीचे डाग नंतर फोटोतून वजा करण्यासाठी एकसारख्या उजेडाचे घेतलेले फोटो, टाळणाऱ्यांची तर कमालच. मेघाच्या कडा पार्श्वभूमीपेक्षा जेमतेम उजळ, आणि सेन्सरवरच्या धुळीचा डाग त्याहून गडद! पहाटे फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन न हलवता, दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा सुती कपडा ताणून ३० फ्रेम घ्या.

ध्रुवतारा इथे फक्त २१ अंशांवर, त्यामुळे विषुववृत्तीय माउंटचं (आकाशासोबत दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीचं) तोल साधणारं वजन तिवईच्या उत्तरेकडच्या पायाला घासू शकतं. वजन दांडीवर वर सरकवा, तोल जाऊ लागला तर जोडीला आणखी एक लावा.

शेवटी सिरिल या फोटो-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वभूमीचा नको असलेला उजेड काढताना नमुन्याचे ठिपके आपोआप टाकू दिले, तर काही मेघावरच पडतात आणि ४ तासांची कमाई तोच नको असलेला उजेड समजून पुसली जाते. ते हाताने उडवा. १०-१५ ठिपके रिकाम्या जागी पुरतात.