तालुक्याच्या ऑफिसातला बीपी: आधी नीट मोजा, मग टेन्शनला दोष द्या

तहसील असो, पंचायत समिती असो की बँकेची शाखा, कुणाचा बीपी निघाला की ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "कामाचं टेन्शनच तेवढं आहे ना भाऊ!" टेन्शन आहेच. मार्च एन्डिंग आहे, अतिवृष्टीचे पंचनामे आहेत, निवडणुकीची ड्युटी आहे. पण टेन्शनने चढलेला आकडा काम आटोपलं की बहुतेकदा खाली येतो. वर्षानुवर्षं वर राहणाऱ्या आकड्यामागे बघावं तर मीठ, तंबाखूचा खर्रा, दिवसभराची खुर्ची, सुटलेलं पोट, अपुरी झोप आणि मधेच सोडलेली गोळी सापडते. साहेब बदलून मिळत नाहीत, ही यादी मात्र आपल्या हातात असते.

बीपी दुखत नाही, हीच खरी अडचण. डोकं दुखलं म्हणजे बीपी वाढला आणि दुखत नाही म्हणजे ठीक आहे, हे दोन्ही चूक. गडचिरोलीच्या ८६ गावांत 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळातल्या मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा पक्षाघात सगळ्यात वर निघाला. साधारण सातातला एक मृत्यू त्याचा होता. पक्षाघाताचं सगळ्यात मोठं टाळता येण्याजोगं कारण म्हणजे वाढलेला बीपी. तेव्हा हा शहरातल्या साहेबलोकांचा आजार, हे डोक्यातून काढलेलं बरं.

मशीन आणि पट्टा

दंडाला बांधायचं डिजिटल मशीन घ्या. मनगटाचं नको. त्यात हात जरा वरखाली झाला तरी आकडा बदलतो. साधारण दीड-दोन हजारांत चांगलं मिळतं. घेताना ब्रँडपेक्षा पट्ट्याकडे बघा. सोबत येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजा. तो ३४-३५ भरला तर मोठा पट्टा मागून घ्या, कारण लहान पट्टा आकडा खोटा वाढवतो आणि माणूस नाहक गोळ्यांवर जातो. सेल उतरले तरी मशीन दगा देतं. वर्षातून एकदा आपलं मशीन दवाखान्यात न्या आणि तिथल्या आकड्याशी ताडून बघा.

मोजायची रीत

आधीच्या अर्ध्या तासात चहा, खर्रा, बिडी काही नको. जिना चढून किंवा गाडीवरून उतरून लगेच बसू नका. लघवीला जाऊन या. भरल्या पोटी नि तुंबल्या लघवीने घेतलेला आकडा कामाचा नसतो.

पाठीला टेका असलेल्या खुर्चीवर ५ मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नको. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. बाही वर सरकवून दंडाला आवळून बसत असेल तर शर्टातून हात काढा. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मध्याला येईल. टेबल ठेंगणं असेल तर हाताखाली एखादी जाड फाइल सरकवा. हात मांडीवर ठेवला तर वरचा, म्हणजे दोहोंतला मोठा, आकडा सुमारे ४ ने जास्त येतो, लोंबता सोडला तर ६-७ ने. मशीन चालू असताना बोलू नका, फोन आला तर वाजू द्या. बोलण्याने १० पर्यंत फरक पडू शकतो, आणि ऑफिसात नेमकं तेव्हाच कुणीतरी फेरफाराचं विचारायला येतं.

एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा. पहिल्यांदाच मोजत असाल तर दोन्ही हातांचा घ्या आणि ज्या हाताचा जास्त येईल तोच पुढे धरा.

आता सात दिवस हे करा: सकाळी उठून, लघवी झाल्यावर, चहा आणि गोळीच्या आधी दोनदा, संध्याकाळी जेवणाआधी दोनदा. सगळे आकडे तारखेसह वहीत. न आवडलेला आकडा गाळायचा नाही. पहिल्या दिवसाचे आकडे सोडा, उरलेल्या सहा दिवसांच्या २४ नोंदींची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर तो उच्च रक्तदाब. दवाखान्यातल्या मोजणीत हीच रेघ १४०/९० असते.

बसून काम करणाऱ्यांनी आणखी एक करावं. मशीन दोन-तीन दिवस ऑफिसात न्यावं आणि जेवणाच्या सुटीआधी मोजावं. काहींचा बीपी डॉक्टरांसमोर चढतो नि घरी ठीक असतो. काहींचं उलट असतं, दवाखान्यात सुरळीत आणि कामाच्या वेळी चढलेला. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो कागदावर येतच नाही.

मशीन घ्यायचं नसेल तर गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या उपकेंद्रात, बीपी फुकट मोजतात. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासणी हा तिथल्या कामाचाच भाग आहे.

आधी मीठ

दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. यात भाजी, वरण, लोणचं, चिवडा सगळं आलं. स्वयंपाकघरात चमचे मोजत बसणं कुणाला जमत नाही, म्हणून हिशेब पुड्यावरून करा. नवीन मिठाचा पुडा फोडला की त्यावर पेनाने तारीख लिहा. चार मोठ्या माणसांच्या घरात एक किलोचा पुडा निदान ५० दिवस पुरला पाहिजे. तो २५ दिवसांत संपत असेल तर घर दुप्पट मीठ खातं आहे, आणि त्यात बाहेरचा आलुबोंडा नि तर्री-पोहा धरलेलाच नाही. लोणचं घालायला वेगळा पुडा लागतो, तोही मोजा.

कमी कुठून करायचं? ताटातली मिठाची वाटी उचला. भातात आणि कणकेत मीठ घालणं बंद करा, ज्वारीच्या भाकरीला ते तसंही लागत नाही. पापड, कुरडया, सांडगे हे रोजचे नकोत, सणावारापुरते ठेवा. ठेच्यात आणि जवसाच्या चटणीत मीठ निम्मं करून लिंबू नि लसूण वाढवा. एकदम अळणी केलं तर घरात भांडण होतं. दर आठवड्याला थोडं कमी केलं की तीन-चार आठवड्यांत जिभेला सवय होते. सैंधव किंवा काळं मीठ हा तोडगा नाही, सोडियम त्यातही असतंच. बाजारातल्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. ते बऱ्याच जणांना चालतं, पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. नवतप्यात शेतात राबणाऱ्याच्या घामातून मीठ जातं, त्याला मीठ-साखर-पाणी हवंच. कूलरसमोर बसलेल्या बाबूला प्रत्येक ग्लास ताकात मीठ लागत नाही. त्याला साधं पाणी पुरतं.

खर्रा

विदर्भातल्या ऑफिसात बीपीची गोष्ट खर्ऱ्याशिवाय पुरी होत नाही. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. चुन्यामुळे निकोटीन तोंडातून झपाट्याने रक्तात जातं. काही मिनिटांत नाडी आणि बीपी चढतो, तो उतरायला लागेपर्यंत दुसरी चिमूट गालात गेलेली असते. दिवसाला तीन पन्न्या खाणाऱ्याचा बीपी कामाच्या वेळात खाली यायला उसंतच मिळत नाही. "टेन्शन कमी होते म्हणून खातो" यात कमी होते ती आधीच्या खर्ऱ्याची तलफ.

सोडायचं तर तारीख ठरवा, मार्च एन्डिंगची नको. पहिले तीन-चार दिवस जड जातात. पन्नी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका, दुपारी ठेल्याकडे जाणाऱ्या टोळीतून महिनाभर बाजूला राहा. २ मिलिग्रॅमचं निकोटीन च्युइंगम मिळतं. ते सतत चघळायचं नसतं, थोडं चावून गालात धरायचं असतं, नाहीतर मळमळतं. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट मदत मिळते.

खुर्ची, पोट, झोप

पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. वजन १ किलो उतरलं की वरचा आकडा साधारण १ ने उतरतो. ८ किलो उतरवलं तर ते एका गोळीच्या तोडीचं झालं. आठवड्यात ५ दिवस ३० मिनिटं भरभर चाला. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग. मे महिन्यात सकाळी सातच्या आत. अप-डाऊन करणाऱ्यांनी एसटी एक थांबा आधी सोडली तरी निम्मं काम होतं. ऑफिसात अर्ध्या तासाला उठा. शिपायाला हाक मारण्यापेक्षा फाइल स्वतः नेऊन द्या.

जोरात घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील आणि दुपारी खुर्चीत डोळा लागत असेल तर हे डॉक्टरांना सांगाच. झोपेतल्या श्वासरोधामुळे बीपी गोळ्यांनाही दाद देत नाही. दारू जितकी कमी तितकं बरं. शनिवारी एकदम ढोसणं हे रोज थोडी घेण्यापेक्षा सुरक्षित नसतं.

आई-वडिलांना बीपी, स्वतःला शुगर, किंवा बाळंतपणात बीपी वाढलेला असेल तर धोका मुळातच जास्त. अशांनी चाळिशीची वाट बघू नये. आणि तिशीच्या आत बीपी निघाला तर किडनी तपासून घ्यावी, नुसती गोळी घेऊन येऊ नये.

बीपी वाढवणाऱ्या इतर गोळ्या

कंबरदुखीसाठी मेडिकलमधून घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, नाक मोकळं करणारी सर्दीची गोळी, स्टेरॉइड, काही गर्भनिरोधक गोळ्या. गॅससाठी घेतलेला फसफसणारा सोडा म्हणजेही सोडियमच. ज्येष्ठमधाचा काढा नेमाने घेणाऱ्यांचाही बीपी चढतो. डॉक्टरांकडे जाताना या सगळ्याची यादी न्या.

गोळी सुरू झाल्यावर

सुरुवातीला क्रिएटिनिन (किडनीसाठी), पोटॅशियम, शुगर, कोलेस्टेरॉल, लघवीतलं प्रथिन आणि ईसीजी एवढं करून घ्या. गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात, तीन दिवसांत मशीन बघून "लागू नाही पडली" म्हणू नका. अनेकांना दोन प्रकारच्या गोळ्या लागतात. त्याचा अर्थ आजार हाताबाहेर गेला असा नाही.

गोष्ट बिघडते ती बहुधा चौथ्या-पाचव्या महिन्यात. आकडा १२८/८० येतो, माणूस म्हणतो बरा झालो, गोळी बंद. दोन-चार आठवड्यांत बीपी पुन्हा होता तिथे, आणि दुखत नसल्याने कळत नाही. आकडा चांगला आहे तो गोळीमुळे. अॅम्लोडिपिनने घोट्याशी सूज येते, टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही, लघवी वाढवणाऱ्या गोळीने उन्हाळ्यात चक्कर येऊ शकते. प्रत्येकाला पर्याय आहे, तो डॉक्टरांनी बदलायचा. एक डोस चुकला तर आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दोन नको.

१८०/१२० च्या वर आकडा आला आणि दुसरा त्रास नसेल तर ५ मिनिटं बसून पुन्हा मोजा आणि तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखणं, दम, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही असेल तर आकड्याची वाट बघू नका, १०८ ला फोन. पक्षाघाताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅननंतर. गडचिरोलीतल्या भामरागड किंवा एटापल्लीसारख्या दूरच्या ठिकाणी नोकरी असेल तर सीटी स्कॅन असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून ठेवा. बीपी झटकन उतरवायला जिभेखाली गोळी ठेवायला कुणी सांगितलं तर ठेवू नका. एकदम उतरलेल्या बीपीनेही मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो.

निवडणूक ड्युटीला निघताना गोळ्या बॅगेत नको, शर्टाच्या खिशात ठेवा, आणि एका दिवसाच्या नव्हे, तीन दिवसांच्या. बदली झाली तर जुन्या केंद्रातलं बीपीचं कार्ड नि सध्याची चिठ्ठी सोबत घ्या, महिनाभराच्या गोळ्या उचला, आणि नव्या ठिकाणी रुजू व्हाल त्याच आठवड्यात तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवा.